गवत मुंबईकरांचं, आग गावाची

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चचा दुसरा आठवडा, दुपारचे पावणेदोन. मी लोअर परळला ऑफिसात जेवून नुकताच जागेवर बसलो होतो, तेवढ्यात काकीचा फोन आला. "सड्यार आग लागली हा. वारो खालसून वर येता हा. काका गेलेत थंय."

काका तेव्हा ७२ वर्षांचे होते. रक्तदाबाची गोळी चालू. सोबत शेजारचे दोघे, त्यांनीही साठी ओलांडलेली. मी विचारलं, पोरं कुठे आहेत? काकी म्हणाली, "पोरां खंयची? सगळी थंय मुंबयत."

त्या दुपारी देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात तीन म्हातारी माणसं ओल्या टहाळ्यांनी आग झोडपत होती आणि मी एसीत बसून दर दहा मिनिटांनी फोन लावत होतो. काजूची चाळीसेक झाडं गेली. संध्याकाळी काका घरी आले ते ओटीवर आडवेच झाले. उलट्या झाल्या, बोलणं असंबद्ध येऊ लागलं. काकीने सदरा काढून अंगावर पाणी ओतलं, सुपाने वारा घातला, म्हणून ते वाचले असं मी आजही मानतो. आग लागली कशी ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती आमच्या बागेपर्यंत कशी पोचली ते मात्र कळलं. खालच्या अंगाला आमचीच सामाईक जमीन आहे. सातबारावर १७ नावं, त्यातली गावात राहणारी दोन. कमरेएवढं गवत, सहा वर्षं कोणी कापलेलं नाही. आग त्या गवतातून चालत आली. त्या सतरा नावांत एक नाव माझं आहे.

वणव्याबद्दल आपल्याकडे दोन प्रकारे बोललं जातं. कोणी नतद्रष्टाने पेटवला, हे एक. हवामान बदललं, ऊन वाढलं, हे दुसरं. दोन्ही खोटं नाही. विडीचं थोटूक, मधमाशा उठवायला केलेला धूर, शिकारीसाठी लावलेली आग, विजेच्या तारांच्या घर्षणातून पडलेली ठिणगी, "जाळलं की गवत चांगलं येतं" हा समज, ही सगळी कारणं गावाला माहीत आहेत. पण एका ठिणगीचा दोन किलोमीटरचा वणवा कसा होतो, हे त्यातून कळत नाही. तो होतो सलग उभ्या असलेल्या सुक्या गवतामुळे. ते गवत तिथे का उभं आहे, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर शोधायला गेलं की बोट मुंबईकडे वळतं.

माझ्या लहानपणी गवताला किंमत होती. दारात बैलजोडी, दोन गाई, एखादी म्हैस. पाऊस सरला की सड्यावरचं (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावरचं), वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरचं गवत कापून भारे मांगरात येत, बाहेर उडव्या रचल्या जात. गोठ्याची छपरंही गवताने शाकारत. उन्हाळा येईपर्यंत डोंगर बोडका झालेला असे. आग लागे, पण तिला खायला फार काही सापडत नसे. पुढे बैल गेले, पॉवर टिलर आले. छपरावर कौलं आली, मग पत्रे आले. घरं बंद होत गेली. गवत मात्र दर पावसाळ्यात तेवढंच उगवतं आणि आता जूनपर्यंत तसंच उभं राहतं.

याच काळात दुसरा बदल झाला. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कोकणातल्या वरकस उतारांवर आंबा-काजू चढला. कोकणासाठी ही योजना फार मोलाची ठरली, यात मला शंका नाही. पण तेव्हापासून आगीचा हिशेब बदलला. ज्या डोंगरावर पूर्वी फक्त गवत जळायचं, तिथे आता माणसाची पंधरा-वीस वर्षं जळतात. काजू मोहोरलेला असताना नुसती धग लागली तरी त्या वर्षाचं पीक गेलं. हापूसच्या झाडाची साल भाजली तर ते झाड पुढे किती वर्षं धरणार नाही, हे बागायतदारालाही सांगता येत नाही.

आता आपण चाकरमानी गावाला कधी जातो ते आठवून पाहा. गणपतीत जातो, तेव्हा सगळा डोंगर हिरवागार असतो आणि आपण त्याचे फोटो काढतो. शिमग्याला दोन दिवसांसाठी जातो, ते देवळात आणि मांडावर जातात. मे महिन्यात जातो, तेव्हा जे जळायचं ते जळून काळं झालेलं असतं. गवत पिवळं पडून कडकडीत वाळतं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि त्या दिवसांत आपण गावात नसतो. आपल्याच जमिनीत जमलेलं जळण आपण कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं.

पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतो. बेणणी, म्हणजे गवत-झुडपं कापून सफाई, करायची ती दिवाळीनंतर, फार तर मकरसंक्रांतीच्या आत. वन खात्याच्या लेखी महाराष्ट्रातला वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत असतो, म्हणजे जाळरेषा, आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, त्याआधीच तयार हवी. आपल्याकडे जागृतीचे कार्यक्रम होतात ते १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात. त्या सप्ताहाचं मूळ मुंबईतच आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचं स्मरण झालंच पाहिजे. पण गावाच्या पंचांगात एप्रिल म्हणजे उशीर. तोवर अर्धे सडे जळून गेलेले असतात.

काम किती आहे ते एकदा मोजू. पाच मीटर रुंद आणि दोन किलोमीटर लांब पट्टा म्हणजे दहा हजार चौरस मीटर, बरोबर एक हेक्टर, जवळपास शंभर गुंठे. एका वाडीभोवती आणि तिच्या बागांच्या खालच्या अंगाने संरक्षण करायला एवढा पट्टा बहुतेक ठिकाणी पुरतो. सगळा डोंगर बेणायची गरज नाही. शंभर गुंठे ग्रासकटरने कापायला दोन-तीन माणसांचे काही दिवस लागतात. कापलेलं गवत मात्र तिथेच पडू देऊन चालत नाही, ते ओढून बाहेर काढायला हवं. पडलेलं सुकं गवतही पेटतंच. कातळाचा सडा, पायवाट, जुना चिऱ्याचा गडगा (कुंपणाची भिंत), व्हाळ (ओढा) यांना जोडत पट्टा नेला तर कापायचं आणखी कमी होतं, कारण कातळावर आग चालत नाही. विजेच्या तारांखाली आणि बंद घरांच्या परड्यात वेगळी सफाई लागते. बंद घरात भिंतीला टेकून रचलेली जुनी लाकडं, मागच्या अंगणात साठलेला पातेरा (सुका पाला), हे सगळं घर पेटवायला पुरेसं असतं.

आणि आग उताराने वर धावते, हे पट्टा आखताना विसरता कामा नये. जाळाची धग वरच्या गवताला आधीच सुकवते, म्हणून खालून वर येणारी आग माणसाला पळू देत नाही. कोकणात दुपारी खारा वारा सुटतो, तो समुद्राकडून उतारावर चढतो आणि आगीला पाठीमागून ढकलतो. आमच्याकडचा वणवा दुपारी अकरा ते चार या वेळात भडकतो त्याचं कारण हेच. नेमक्या याच वेळी ऊनही माणसाला सर्वांत जास्त मारतं.

इथे मला थांबून बोललं पाहिजे, कारण वणव्याच्या चर्चेत ही बाजू येतच नाही. उष्माघात म्हणजे विदर्भाचा आजार, अशी कोकणातल्या आणि मुंबईतल्या माणसाची समजूत आहे. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, किनारपट्टीला मात्र ३७ अंशांपासून, तेही सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. किनाऱ्यासाठी मोजपट्टी वेगळी ठेवली आहे कारण दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला तासन्‌तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण दगावले. खारघर विदर्भात नाही, मुंबईच्या उंबऱ्यावर आहे. ती माणसं नुसती बसली होती. आमचे काका मार्चच्या भर उन्हात, आगीच्या धगीसमोर, धूर गिळत दोन तास टहाळा मारत होते.

सत्तरीच्या माणसाला तहान उशिरा लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, त्यामुळे अंगातलं पाणी आधीच कमी असतं. माणूस अडखळू लागला, भलतंच बोलू लागला, अंग तापून चटके बसू लागले तर तो 'दमला' नाही. त्याचं शरीर ४० अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं आणि तेव्हा मिनिटं मोजायची असतात. सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, सगळं अंग भिजवून वारा घालायचा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवायची, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, आणि १०८ ला फोन. रुग्णवाहिका सड्यावर पोचायला वेळ लागतो, म्हणून आधी गार करायचं, मग न्यायचं.

म्हणून मी म्हणतो की साठीपुढच्या कोणीही दुपारी आगीवर जायचं नाही, असा गावाचा नियम हवा. हे बोलायला सोपं आहे. काका मला म्हणाले होते, "माझी झाडां जळतत आणि मी घरात बसू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याऐवजी जाणारं कोणीतरी तयार ठेवलं तरच तो नियम पाळला जाईल. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी आसपासच्या वाड्यांतल्या चार-पाच तरुणांना रीतसर मजुरी देऊन ठेवावं लागेल. अकरा ते पाच एकाने उंचावर सावलीत बसून नजर ठेवायची, बाकीचे फोनवर हजर. त्यांच्याकडे जाड सुती कपडे, बूट, पाणी, ओआरएस.

पाण्याचा बंब तालुक्याहून येईपर्यंत तास जातो आणि आला तरी सड्यावर चढत नाही. याला मुंबईचाही अपवाद नाही. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावला दिंडोशीच्या डोंगराला आग लागली तेव्हा उंच इमारतींतून सगळ्यांनी ती पाहिली, आणि देशातलं सर्वांत सुसज्ज म्हणावं असं अग्निशमन दल असलेल्या शहरातही चढावर गाड्या नेणं अवघड झालं. आमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे. आंब्याच्या फवारणीसाठी जवळजवळ प्रत्येक बागायतदाराकडे एचटीपी (जोराच्या दाबाने फवारणारा) पंप, दोनशे लिटरचं पिंप आणि लांबलचक पाइप असतो. पिकअपमध्ये भरलेलं पिंप आणि पंप घालून ती गाडी हंगामभर वाडीत तयार ठेवली तर पहिल्या पंधरा मिनिटांत जे होईल ते नंतर दहा बंबांनी होणार नाही.

बागांमध्ये झोपडी घालून राहणारे नेपाळी राखणदार ही आणखी एक विसरलेली माणसं. हंगामभर बायकामुलांसह ते तिथेच असतात. आग सर्वांत आधी त्यांना दिसते आणि पहिली झळही त्यांनाच लागते. गावाच्या कुठल्याही यादीत त्यांचा फोन नंबर नसतो. आग आली तर कुठल्या वाटेने कातळावर जायचं, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. बाग आपली असेल तर ही जबाबदारी मालकाचीच आहे.

शहरातून एक सूचना नेहमी येते की भाजावळीवर, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेत पालापाचोळा जाळण्यावर, बंदी घाला. मला ती पटत नाही. कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), पातेरा, शेण पसरून दाढ, म्हणजे रोपं करायची जागा, भाजली की तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, तरवा (भाताची रोपं) सहज उपटता येतो, राखेचं पोटॅश मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या या रीतीमागे विचार आहे. पर्यायही आहेत. चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख वापरतात. चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळला विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यावर थेट टोकणी होते, लावणीच नाही, म्हणून भाजावळही लागत नाही. ज्याला जमेल त्याने तिकडे जावं. पण दहा गुंठे शेत करणाऱ्या सत्तरीच्या बाईला फौजदारीची भीती घालून काही साधणार नाही. ती लपून, घाईत, एकटी पेटवील आणि आग सुटली तर घाबरून सांगणारही नाही. त्यापेक्षा ग्रामसभेने भाजावळीचे दिवस ठरवावेत, वाडीने मिळून एकेकाची दाढ भाजावी, सकाळी आठच्या आत, खारा वारा सुटायच्या आधी. दवाने पातेरा पेटत नाही ही अडचण खरी आहे. आमच्या वाडीत एकाने आदल्या संध्याकाळी कवळावर प्लास्टिकचा कागद अंथरून ठेवला, सकाळी सातला तो व्यवस्थित पेटला. भोवती दोन हात माती उकरून घ्यायची आणि राख गार होईपर्यंत हलायचं नाही.

सरकारकडे मागायचं तेही मागितलंच पाहिजे. १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ राखीव जंगलातल्या आगीबद्दल बोलतं, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गातले डोंगर बहुतेक खाजगी मालकीचे. तिथे वणवा लागला की वन खातं म्हणतं आमची हद्द नाही, आणि तलाठी पंचनामा करून जातो. हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान, वारा यांच्या आकड्यांवर चालतो. वणव्याने जळलेली कलमं त्यात बसत नाहीत. हे बदलायला हवं. तारांखालची सफाई दर वर्षी हंगामाआधी झालीच पाहिजे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपून मोबाइलवर इशारा देते, त्यासाठी नागरिकालाही नाव नोंदवता येतं. वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. पण उपग्रह डोक्यावरून ठरावीक वेळीच जातो आणि मधल्या दोन तासांत पेटून विझलेली आग त्याला दिसेलच असं नाही. सरकारने सगळं केलं तरी माझ्या जमिनीतलं गवत सरकार कापणार नाही.

गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या सभेत मी हा विषय पहिल्यांदा मांडला तेव्हा परळच्या त्या शाळेच्या वर्गात पंचेचाळीस-पन्नास माणसं होती. देवळाच्या सभामंडपासाठी आम्ही सगळ्यांनी मनापासून पैसे काढले आहेत, मीही काढले आहेत, आणि त्याचा मला आनंद आहे. गवतासाठी वर्गणी म्हटल्यावर मात्र सभा गप्प झाली. मग एका वडीलधाऱ्यांनी खरं कारण बोलून दाखवलं. "पैसे देईन. पण माझ्या जमिनीत दुसऱ्याला शिरू देणार नाही. आज गवत कापील, उद्या कूळ म्हणून नाव लावील." ही भीती पोकळ नाही. कोकणात कित्येक घरं वहिवाटीच्या दाव्यांत पिढ्या घालवून बसली आहेत. म्हणून आम्ही संमतीपत्राचा मसुदा केला. कापणी मंडळाच्या नावाने, फक्त पाच मीटरचा पट्टा, फक्त नोव्हेंबर ते जानेवारी, गवतावर किंवा जमिनीवर कोणाचाही हक्क नाही, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत. ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी तो वकिलाला दाखवावा, असंही सांगितलं.

गेल्या वर्षी फक्त आमच्या वाडीपुरता पट्टा काढला. फेब्रुवारीच्या शेवटी आग आली, गडग्यापर्यंत आली आणि बहुतेक ठिकाणी तिथेच बसली. साधारण सत्तर पावलांच्या जागेत मात्र गवत तसंच होतं, कारण तिथली संमती मिळाली नव्हती. तेवढ्यातून ती आत शिरली. या वेळी मजुरीवर ठेवलेली पोरं होती, पिंप तयार होतं, अर्ध्या तासात आटोपलं. काकांना आम्ही ओटीवर बसवून ठेवलं, फोन त्यांच्या हातात देऊन. कोणाला कुठल्या वाटेने पाठवायचं ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

ती सत्तर पावलं आमच्याच सामाईक जमिनीतली होती. सतरापैकी सोळा सह्या झाल्या आहेत. सतरावा माझा चुलतभाऊ, डोंबिवलीला असतो, जन्मात त्या जागेवर गेलेला नाही. जागा बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारची तुतारी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढली आहेत. कणकवलीला उतरून सरळ सड्यावर जायचं, गवत उभं असताना.